२१ नंबरचा अकॉर्डियन

गेल्या चतुर्थीच्या आधी, भर पावसात, मी एक जुना सिंथेसायझर घरी आणला. सासष्टीतला एक म्हातारा बँडवाला मुलाकडे परदेशी चालला होता. जन्मभर लग्नं वाजवून झाली होती, आता एवढं धूड विमानातून कोण नेणार? मडगाव ते फोंडा मी ते ताडपत्रीत गुंडाळून आणलं. मी भिजलो, ते कोरडं राहिलं. बायकोने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या पेटीकडे पाहिलं, आणि काही न बोलता चहा टाकायला आत गेली. सत्तावीस वर्षांच्या संसारात याहून मोठा निषेध मी पाहिलेला नाही.

कीबोर्डबरोबर आठ फ्लॉप्या मिळाल्या. गोव्याचा पाऊस कपाटातल्या चपला सोडत नाही, तो फ्लॉप्या काय सोडणार. पाचांवर बुरशी होती. उरलेल्या तिनांत म्हाताऱ्याने स्वतः वाजवून भरलेली गाणी निघाली. बरीचशी नाचाची, आणि त्यांत एक संथ मांडो, आमचं कोंकणी प्रेमगीत. त्या मांडोने मला धरून ठेवलं. चाल अकॉर्डियनवर, मागे गिटार, खाली बेस आणि ड्रमचा हलका ठेका.

आता मांडो म्हटला की व्हायोलिन आणि घुमट, आमचं मातीचं तालवाद्य. इथे अकॉर्डियनचं काय काम? एवढं एक बदलू म्हणून मी पॅनेलवरचं व्हायोलिनचं बटण दाबलं आणि गाणं सुरू केलं. अकॉर्डियन. पुन्हा दाबलं, पुन्हा अकॉर्डियन. गाणं चालू असताना दाबलं तेव्हा मात्र व्हायोलिन आलं. मी खूश. गाणं संपलं, पहिल्यापासून लावलं, आणि अकॉर्डियन आपल्या जागी हजर! बदलीचा हुकूम निघूनही दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसलेला कारकून असतो, तसा.

तीन संध्याकाळी अशा गेल्यावर म्हापशाहून भाचा आला. त्याने दोन मिनिटं बघितलं.

"मामा, तू बाहेरून हुकूम देतोयस. गाण्याच्या पोटात पहिल्याच बारमध्ये दुसरा हुकूम लिहिलाय. मशीन तिथे पोचलं की तुझा हुकूम रद्द."

(बार म्हणजे गाण्यातला, तालाचा एक ठरावीक तुकडा. गोव्यात हे सांगावं लागतं.)

मग त्याने ते पोट उघडून दाखवलं. असल्या गाण्यात आवाज साठवलेला नसतोच. असते ती यादी. अमुक क्षणी अमुक पट्टी दाबली, जोर ० ते १२७ मधला इतका, अमुक क्षणी सोडली. बस. ती यादी कोणत्या वाद्याने वाचायची, तेही यादीतच एका ओळीत लिहिलेलं. एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू लागलं ते १९८३ साली मिडी ही सामाईक भाषा आल्यावर. १९९१ मध्ये जनरल मिडी नावाने १२८ वाद्यांचा ठरावीक क्रमही लागला: १ नंबरला पियानो, ४१ ला व्हायोलिन, ७४ ला बासरी. वाजवणारे चॅनेल सोळा, त्यांतला दहावा ड्रमसाठी राखीव.

आम्ही चालीच्या चॅनेलमधली ती ओळ शोधली. तिथे २१ आकडा होता. तक्त्यात २१ ला रीड ऑर्गन, म्हणजे आपल्या पेटीची लांबची बहीण. पण कानाला तर अकॉर्डियनच ऐकू येत होता, आणि तो तक्त्यात २२ वर. भाचा हसला. "तक्ता १ पासून मोजतो, यादी ० पासून. तुमचा तो तळमजला नाही का, तसा." म्हणजे व्हायोलिनसाठी ४० घालायचे. मी ऐकण्याआधीच ४१ घातले होते, व्हिओला आला. कुणाला ओळखूही आलं नसतं म्हणा, पण आता माझा मान गुंतला होता.

४० घातले. पहिल्यापासून लावलं. व्हायोलिन आलं, आणि राहिलंही.

आणि भयंकर वाजलं.

स्वर सगळे तेच होते, ताल तोच. तरी एखाद्याला दुसऱ्याचा कोट घालून फोटोला उभं करावं, तसं ते व्हायोलिन अवघडून उभं होतं. मी यादी पुन्हा उघडली. दर दोन बारांनी आवाज हळूहळू फुगत होता आणि ओसरत होता. एक्स्प्रेशनचे आकडे ओळीने लिहिलेले: ५८, ६४, ७१, ८०, मग खाली. शेवटी एक बारीकशी फट, की पुन्हा ५८ पासून चढण. हे काय असावं ते कळायला मला थोडा वेळ लागला. तो भाता होता. म्हाताऱ्याने प्लास्टिकच्या पट्ट्यांवर बोटं ठेवून, पायाने पेडल दाबत, नसलेला भाता उघडला आणि मिटला होता. भाता उलटवताना जी निमिषभर हवा तुटते, तीही त्याने सोडली नव्हती. व्हायोलिनच्या गजाला असला श्वास नसतो. त्याची वळणं निराळी असतात, नि ती भलत्याच जागी येतात.

आमच्या घरात बोलणं कोंकणीत चालतं, आणि आरत्या, पत्रिका, देवळाच्या नोटिसा मराठीत. घरातली गोष्ट कागदावर उतरवताना नुसते शब्द बदलून भागत नाही, वाक्य मुळातून उलटंपालटं करावं लागतं, हे मी वर्षानुवर्षं करत आलोय. या यंत्राच्या बाबतीतच माझी अक्कल कुठे गेली होती, देव जाणे.

म्हाताऱ्याने अकॉर्डियन का घेतला, तेही मग लक्षात आलं. या मशीनमधलं व्हायोलिन किरटं आहे. त्याने ते आधी लावून बघितलं असणार, नाक मुरडलं असणार, आणि जो आवाज या यंत्रात खरा वाटतो त्याच्या अंगाने चाल नव्याने वाजवली असणार. ही विद्या इथल्या मातीत आहे. चर्चच्या शाळांतून मेश्त्रींकडे, म्हणजे संगीताच्या मास्तरांकडे, नोटेशन आणि व्हायोलिन शिकलेली पोरं मुंबईला गेली. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशा लोकांनी हिंदी चित्रपटांची गाणी कागदावर उतरवून वाद्यांत वाटून दिली. चाल संगीतकाराची, पण तिची कोणती ओळ व्हायोलिनच्या ताफ्याला, कोणती ट्रम्पेटला, आणि ट्रम्पेटवाल्याने श्वास कुठे घ्यायचा, हे अरेंजरने ठरवायचं. मी ४० आकडा घालून त्यांच्या पंक्तीला बसायला निघालो होतो.

घुमटाची तर आणखी मजा झाली. १२८ च्या यादीत सतार आहे, सनई आहे, जपानी तायको आहे. टेलिफोनची घंटी आहे, हेलिकॉप्टर आहे, टाळ्यांचा कडकडाट आहे आणि शेवटच्या नंबरला बंदुकीचा बार. घुमट नाही. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य ठरवलं, पण ती बातमी या यंत्रापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. तायको लावून बघितला. धप् वाजला, पण घुमला नाही. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. एका तोंडावर चामडं (पूर्वी घोरपडीचं असायचं, वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचं), दुसरं तोंड उघडं. उजवा हात चामड्यावर थाप मारतो आणि डावा त्या उघड्या तोंडाची झाकपाक करतो. नाद वर-खाली होतो तो त्या डाव्या हाताने. तो डावा हात आणायचा कुठून? स्वर वर-खाली वाकवणारं पिच बेंडचं चाक फिरवून पाहिलं, तर पोट बिघडलेल्या माणसासारखा आवाज आला.

त्याच खटाटोपात माझ्या हातून चाल उचलून दहाव्या चॅनेलवर टाकली गेली. तिथे प्रत्येक पट्टीवर स्वतंत्र तालवाद्य बसलेलं असतं, हे विसरलो होतो. पांढरी एकचा सा धरला, तर सा ला बोंगो, रे आणि ग ला कोंगा, प ला अगोगो, ध ला कबासा, नी ला छोटी शिट्टी आणि वरच्या सा ला लांब शिट्टी. मांडोची ती विरहाची चाल दर चार-सहा मात्रांनी पणजी-फोंडा बसच्या कंडक्टरसारखी शिट्टी मारू लागली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण उतरता रे?"

शेवटचा प्रयोग बासरीचा. ७३ घातले. हे पुष्कळच जमलं. भात्याचा श्वास बासरीला चालून गेला, थोडा लांबच पडत होता इतकंच. मी डोळे मिटून ऐकत होतो आणि सतराव्या बारमध्ये काहीतरी टोचलं. पुन्हा ऐकलं, पुन्हा टोचलं. यादीत शोधलं तर दोन स्वरांच्या मध्ये एक चिमुकला तिसरा: शेजारची पट्टी, जोर फक्त ३१, लगेच सोडलेली. बोट घसरलं होतं. अकॉर्डियनच्या भरगच्च आवाजात तो स्वर कधी दिसलाच नसता, बासरीवर मात्र तो उघडा पडला होता. म्हाताऱ्यालाही बहुधा पत्ता नसावा. किंवा असावा, आणि रात्री दोनला लग्नाहून परतल्यावर भरत असताना त्याने हात झटकला असावा.

मी ती ओळ निवडली आणि खोडली. ऐकलं. स्वच्छ. सेव्ह करायला मेनूत शिरत होतो, तोच बाहेर वीज कडाडली आणि लायट गेली.

सकाळी चालू केलं तेव्हा बासरी गेली होती आणि सतराव्या बारमधला तो स्वर परत आला होता. नाहीतरी दुपारी आरतीवाले येणार होते, घुमट-शामेळ घेऊन, खरे. मी पहिल्या बारमध्ये गेलो. फ्लॉपीतून आलेला २१ तिथे होताच. गाणं लावलं. सतरावा बार आला तेव्हा कान देऊन ऐकलं, पण अकॉर्डियनच्या घोळक्यात तो काही मला सापडला नाही.