खिडकीवर मीच होतो

मार्च महिना म्हणजे आमच्या पाणीपट्टी विभागात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळी मीटिंग, वसुलीचं टार्गेट, मग उन्हात गल्लोगल्ली फिरायचं आणि ज्यांनी भरलं नाही त्यांचा नळ तोडायचा. गेल्या मार्चमध्ये मी, फिटर आणि एक शिपाई असे तिघं थकबाकीची यादी घेऊन एका वस्तीत गेलो होतो. सातवं-आठवं घर एका मावशींचं, चार घरची धुणीभांडी करतात, घरात त्या आणि शाळेत जाणारी नात, बस.

आमच्या गावात घरोघरी मीटर नाहीत, अर्धा इंची नळाला वर्षाला सरसकट १८०० रुपये. बंगल्यालाही तेवढेच आणि पत्र्याच्या खोलीलाही तेवढेच, हे मला आधीपासून खटकायचं. यादीत मावशींच्या नावावर तीन वर्षांचे ५४०० आणि त्यावर महिन्याला २ टक्क्यांनी शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, २५९२, एकूण ७९९२. त्यांची महिन्याची कमाई साडेसहा हजार.

फिटरनं पान्हा काढला तशा मावशी आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यातून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यात तिन्ही वर्षांची बिलं नीट घडी घातलेली आणि पाचशेच्या दोन नोटा. म्हणाल्या, "साहेब, मी दोनदा आले होते हो ऑफिसात, म्हणलं पाचशे तरी घ्या, तुम्ही म्हणालात कॉम्प्युटर अर्धे पैसे घेत नाही, पूर्ण घेऊन या. तुम्हीच होतात खिडकीवर."

मला त्या आठवल्या नाहीत. पण मीच असणार, कारण ती दोन वर्षं खिडकी माझ्याकडेच होती आणि हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा बोलायचो.

फिटरला म्हटलं थांब. शेजारच्या घराचा नळ आदल्या आठवड्यात आम्हीच तोडला होता आणि त्या दारात २० लिटरचे दोन जार ठेवलेले दिसत होते, वीस रुपयाला एक. म्हणजे लिटरला रुपया, हजार लिटरला हजार रुपये! मुंबईत झोपडपट्टीला हजार लिटरचा दर पाच रुपयांच्या आसपास आहे. आणि आमचे १८०० म्हणजे दिवसाला जेमतेम पाच रुपये, ते मावशी द्यायला तयार होत्या, घेऊनही आल्या होत्या, आम्हीच घेतले नाहीत. ज्यांची कमाई महिन्याची, कुणाची तर रोजची, त्यांच्याकडून वर्षाचे एकदम मागायचे आणि मग म्हणायचं हे लोक बुडवतात, हे मला त्या दारात उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं.

ऑफिसात साहेब म्हणाले, थकबाकीदारांच्या अभय योजनेत बसव ना, शास्ती ८० टक्के माफ होते. पण त्यासाठी मूळ रक्कम आणि उरलेली शास्ती एकरकमी भरावी लागते, मावशींचा हिशोब केला तर ५९१८ रुपये. एवढे एकदम असते तर थकले कशाला असते? म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला माफी आणि नाहीत त्याला पूर्ण शास्ती. दिल्लीत महिन्याला २० हजार लिटर फुकट देतात, पण तेही चालू मीटर असेल तरच, जार विकत घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग. माझं मत विचाराल तर फुकट नको, पण महिन्याला दीडशे भरायची सोय तरी द्या.

साहेबांनी हमीपत्र घेऊन हप्ते मंजूर केले. मावशींचे हजार रुपये जमा केले तर ते सगळे शास्तीत वळते झाले, मूळ ५४०० जागच्या जागी. परत टिपणी लिहिली, जमा आधी मुद्दलात धरावी म्हणून, त्यावर सही मिळायला अकरा दिवस गेले. तीही फक्त या एका फाइलपुरती, सगळ्या वस्तीसाठी लिहिलेली टिपणी अजून टेबलावरच आहे आणि मी दर आठवड्याला जाऊन विचारतो.

मावशी आता दर ७ तारखेला येतात, पगार झाला की. पावती हातात घेतली की मूळ मागणीच्या रकान्यावर बोट ठेवतात आणि मला आकडा मोठ्यानं वाचायला लावतात.