लिंक ज्याच्या हाती, वही त्याच्या हाती

पंचवटीतल्या मावशीच्या घरात वरच्या खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. येणारे बरेचसे रामकुंडावर अस्थी विसर्जनासाठी नाहीतर दशक्रियेसाठी आलेले. त्यामुळे मावशीच्या नोंदी ऐसपैस: ‘पुण्याचे, वडिलांच्या अस्थी, पाच जण, आई थकलेली, जिन्याजवळची खोली’, पुढे मोबाईल नंबर. वहीत हे शोभतं. पण गुगल कॅलेंडरमध्ये तेच उतरवलं की गोष्ट बदलते. ते कॅलेंडर रिक्षावाल्या दादांना हवं, डबा देणाऱ्या काकूंना हवं, शिवाय एकच खोली दोघांना जाऊ नये म्हणून बुकिंग साइटना त्याची आयकॅल लिंक, म्हणजे कॅलेंडरातल्या नोंदी दुसऱ्या साइटला आपोआप वाचता येतील असा वेब-पत्ता, द्यायची.

या लिंकला गुगल ‘सीक्रेट अॅड्रेस’ म्हणतं. गुपित काय, तर लांबलचक, अंदाज न येणारा पत्ता. पासवर्ड नाही, लॉगिन नाही, कोणी उघडली तेही आपल्याला दिसत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदा टाकली की संपलं. कुणाच्या घरी कोण गेलंय आणि कुठलं घर कधी बंद आहे, हे कुणालाही आयतं कळणार. आयकॅलचा आराखडा १९९८चा, तारखांची देवाणघेवाण व्हावी म्हणून केलेला. कोणी वाचावं आणि कोणी नाही, हे तो ठरवत नाही.

म्हणून दोन कॅलेंडरं केली. एकात सगळं, ते फक्त मावशी आणि मी पाहतो, तेही ईमेलवरून शेअर करून. दुसऱ्यात फक्त ‘बुक’ आणि तारखा. बाहेर लिंक जाते ती याचीच. मावशी म्हणाली, “अरे, दोनदा कोण लिहिणार?” मी लिहितो. साइटला तसंही तारखांपलीकडे काही लागत नाही. दादांना पाहुण्याचा नंबर त्या दिवशी सकाळी फोनवर.

एखादा माणूस काम सोडून गेला की लिंक रीसेट करायची. ती सोय कॉम्प्युटरवरच्या सेटिंगमध्ये आहे, मोबाईलच्या अॅपमध्ये शोधत बसू नका. जुनी लिंक मरते. आधी कुणी उतरवून घेतलेली माहिती मात्र परत येत नाही. आणि साइटना नवी लिंक आपणच द्यायची, नाहीतर त्यांच्याकडे जुन्याच तारखा राहतात.

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला आहे. लिंकवरून तारखा पोचायला कधी कधी कित्येक तास लागतात, त्यामुळे पर्वण्यांच्या दिवसांसाठी खोल्या साइटवर ठेवायच्याच नाहीत असं ठरलंय. त्या मावशी फोनवर देईल.