पलीकडच्या माणसाला काहीही दाबावं लागू नये: व्हिडिओ कॉलसाठी स्मार्ट डिस्प्लेची मांडणी

वयस्कर आईवडिलांसाठी स्मार्ट डिस्प्ले, म्हणजे टेबलावर ठेवायचा, बोलून चालवता येणारा पडदा, घ्यायचा तो एवढ्यासाठीच की फोन हातात धरावा लागू नये, चष्मा शोधावा लागू नये आणि हिरवं बटण सरकवता सरकवता कॉल कट होऊ नये. म्हणून मांडणीतली प्रत्येक गोष्ट एकाच कसोटीवर तपासायची: पलीकडच्या माणसाला काही दाबावं लागतंय का? लागत असेल, तर काम अजून बाकी आहे.

आधी निवडीतल्या दोन चुका. पहिली म्हणजे बिनकॅमेऱ्याचं यंत्र घरी येणं. गूगलच्या साध्या नेस्ट हबच्या दोन्ही पिढ्यांत, २०१८च्या आणि २०२१च्या, कॅमेराच नाही. कॅमेरा आहे तो नेस्ट हब मॅक्समध्ये. दिसायला दोन्ही सारखीच, त्यामुळे फसगत होते. दुसरी चूक म्हणजे रोज ज्या ॲपवरून बोलणं होतं ते या पडद्यावर चालेलच असं धरून चालणं. फोनवर येणारा व्हॉट्सॲप कॉल इथे आपोआप वाजत नाही. सेवा बंदही पडतात: स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, आणि व्हिडिओ कॉलसाठीच काढलेला पोर्टल मेटाने घरगुती ग्राहकांसाठी बनवणं थांबवत असल्याचं २०२२ मध्ये सांगितलं. जुना पोर्टल कोणी फुकट दिला तरी त्यावर घडी बसवू नका. पुढे उदाहरण म्हणून ॲमेझॉनचा इको शो धरला आहे. त्यावर फोन करणाऱ्याकडे दुसरा इको शो किंवा फोनमध्ये ॲलेक्सा (ॲमेझॉनची बोलून चालणारी सेवा) ॲप असलं की पुरतं.

यंत्र खोक्यासकट त्यांच्याकडे पाठवून फोनवरून 'आता हे दाब, आता ते दाब' करू नका. ते आधी तुमच्या घरी पूर्ण तयार करा. खातं मात्र त्यांच्या नावाचं, त्यांच्या मोबाइल नंबरावर उघडा. तुमचंच खातं दोन्हीकडे वापरलं तर एका घरात लावलेले गजर, फोटो आणि नावांची यादी दुसऱ्या घरात दिसू लागते आणि कॉल नेमका कुठे वाजतोय ते कळत नाही. खातं उघडताना ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार, तेव्हा ते जवळ असतील किंवा फोनवर असतील अशी वेळ निवडा. नंतर त्याच खात्याने एका फोनवर ॲलेक्सा ॲप उघडून कॉलिंग सुरू करा, नंबर पडताळून घ्या आणि नावं एकेक करून हाताने भरा. फोनमधली सगळी यादी एकदम आत ओतू नका. चार-पाच नावं पुरतात. ती यंत्र ज्या भाषेवर लावलंय त्या भाषेच्या उच्चारांनुसार ओळखली जातात, म्हणून प्रत्येक नाव मोठ्याने म्हणून बघा. 'सुमा' आणि 'सीमा' दोघी यादीत असतील तर एकीचं नाव बदला.

आता त्यांच्या वायफायचा प्रश्न. इथे एक युक्ती फार कामाची आहे. फोनच्या हॉटस्पॉटला त्यांच्या राउटरचं नेमकं तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या, अक्षर लहान-मोठं, मोकळी जागा, सगळं जसंच्या तसं. यंत्र एकदा या हॉटस्पॉटला जोडलं की त्यांच्या घरी प्लग लावल्याबरोबर खऱ्या राउटरला स्वतःहून जोडलं जातं. आयफोन असेल तर हॉटस्पॉटचं नाव म्हणजे फोनचंच नाव, ते सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउटमध्ये बदलतं. शिवाय हॉटस्पॉटच्या पानावरचं 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' चालू करा, म्हणजे तो वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर येतो. हे जमलं नाही तर बहुतेक वेळा कारण सुरक्षेच्या प्रकाराचं असतं: एकीकडे डब्ल्यूपीए२ आणि दुसरीकडे फक्त डब्ल्यूपीए३. पहिल्यांदा चालू केल्यावर यंत्र अपडेट उतरवून घेतं आणि स्वतःला परत सुरू करतं. ते सगळं तुमच्याकडेच होऊन जाऊ द्या.

आता मुख्य गोष्ट, कॉल आपोआप उचलला जाण्याची. इको शोमध्ये याला ड्रॉप इन म्हणतात, आणि ते चालत नाही अशी तक्रार जिथे येते तिथे खालच्या तीनपैकी एक जागा चुकलेली असते. एक, परवानगी ज्यांच्या घरात डोकवायचं त्यांच्या खात्यातून द्यावी लागते. त्यांच्या यादीत तुमचं नाव उघडून तिथे ड्रॉप इनला मुभा द्यायची. स्वतःच्या खात्यात कितीही बटणं चालू केली तरी उपयोग नाही. दोन, त्या यंत्राच्या कम्युनिकेशन सेटिंगमध्ये ड्रॉप इन 'माय हाउसहोल्ड'वर असेल तर फक्त त्याच खात्यातल्यांना वाट मिळते, ते 'ऑन' हवं. तीन, 'डू नॉट डिस्टर्ब'. ते चालू असलं की कॉल आणि ड्रॉप इन दोन्ही अडतात, आणि रात्रीसाठी लावलेलं वेळापत्रक सकाळी उशिरापर्यंत चालू राहिलं की तुम्हाला वाटतं पलीकडे कोणी नाही. ती वेळ मुद्दाम बघून ठेवा.

ही मुभा अगदी मोजक्या माणसांना द्यावी असं माझं ठाम मत आहे: ज्यांच्याकडे त्या घराची किल्ली देता येईल त्यांनाच. ड्रॉप इन सुरू होताना चित्र काही सेकंद धुरकट दिसतं, तेवढ्यात समोरचा माणूस व्हिडिओ बंद करू शकतो. पण हे त्यांना आधी माहीत असायला हवं. कॅमेऱ्यावरचं सरकतं झाकण कसं बंद करायचं तेही त्यांना दाखवा. त्यांच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. यंत्राचं तोंड पलंगाकडे किंवा न्हाणीघराच्या दाराकडे नको.

त्याच झाकणामुळे सगळ्यात जास्त गोंधळही होतो. पुसताना ते सरकतं, मग आवाज येतो पण चित्र काळं. मायक्रोफोनचं बटण दाबलं गेलं असेल तर पडद्याच्या तळाला लाल पट्टी दिसते. फोनवरून विचारताना 'बिघडलं का?' असं विचारू नका, 'खाली लाल पट्टी दिसतेय का?' असं विचारा.

जागा निवडताना खिडकी पाठीमागे नको. उजेड पाठीमागून आला की चेहऱ्याची नुसती काळी आकृती दिसते. तो समोरून किंवा बाजूने यावा. कॅमेरा बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला आणि हातभर अंतरावर असावा. मागे भिंत अगदी चिकटून नको, टीव्ही आणि पंखा शेजारी नको. ओट्यावर ठेवणार असाल तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडा, कारण मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि तो चालू झाला की २.४वरचं चित्र अडखळतं.

आवाज घुमण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष समोरच्याच्या यंत्राकडे असतो. तिथला स्पीकर तुमचा आवाज सोडतो आणि तिथलाच माइक तो उचलतो. यंत्र हा आवाज वजा करत असतं, पण आवाज फार वाढवला की स्पीकर फाटक्या आवाजात बोलतो आणि वजाबाकी चुकते. आधी १०पैकी ६ वर आणून बघा. ब्लूटूथ स्पीकर जोडला असेल तर तो काढाच, त्याच्या उशिरामुळे हेच होतं.

चित्र गोठतं तेव्हा लोक डाउनलोडचा वेग तपासतात. बघायचा असतो अपलोड. दोघांच्या ७२०पी कॉलला झूमच्या हिशोबात दोन्ही दिशांना सुमारे १.२ मेगाबिट लागतात, म्हणजे ३ मेगाबिट स्थिर अपलोड पुरेसा आहे. खरी अडचण त्या अपलोडवर दुसरं कोणी बसलेलं असण्याची असते, बहुधा फोनचा फोटो बॅकअप. यंत्र जिथे ठेवलंय तिथेच फोन धरून, रोजच्या कॉलच्या वेळी फास्ट डॉट कॉमवर चाचणी घ्या आणि 'शो मोअर इन्फो'मध्ये अनलोडेड आणि लोडेड लेटन्सी (लाइन मोकळी असताना आणि भरलेली असताना उत्तर यायला लागणारा वेळ) दोन्ही वाचा. पहिली २० मिलिसेकंद आणि दुसरी ४०० असेल, तर वेग वाढवून घेण्यात पैसे घालू नका. बॅकअप रात्रीवर टाका किंवा राउटरमध्ये क्यूओएस (कोणत्या यंत्राला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असेल तर डिस्प्लेला प्राधान्य द्या. सिग्नल उणे ६७ डीबीएमपेक्षा (सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा मोठा तितका सिग्नल कमी) कमकुवत असेल तर आधी यंत्राची किंवा राउटरची जागा बदला. ५ गिगाहर्ट्झवर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल (पट्ट्यातला ठरावीक भाग) ३६ ते ४८ यांतलाच ठेवा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि चालू कॉल तुटतो.

वीज गेल्यावर परत आली की यंत्र स्वतःहून जोडलं जातं, फक्त राउटर उठेपर्यंत दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. तेवढ्यात कोणी सेटिंग उघडून वायफाय पुसून टाकू नये म्हणून 'वीज आल्यावर पाच मिनिटं हात लावू नका' अशी चिठ्ठी मोठ्या अक्षरांत मागच्या बाजूला चिकटवा. प्लगही खोक्यातलाच वापरा, फोनचा चार्जर नको. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस (वीज गेल्यावर तो चालू ठेवणारी बॅटरी) लावणार असाल तर राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही त्याच्यावर घ्या. नाहीतर वायफायचं चिन्ह पूर्ण दिसतं आणि कॉल मात्र लागत नाही.