अंगठा उमटेना

राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे, पण शिबिर म्हटलं की पोरांना अजून झाडू आणि शोषखड्डेच आठवतात. वारणाकाठच्या त्या गावात मी कार्यक्रम अधिकारी म्हणून एक दुपार मुद्दाम सर्वेक्षणाला ठेवली. गावाबाहेर बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, होत्या.

पहाटेपासून फडात राबून आलेली एक बाई वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती. आमची एक मुलगी तिला 'मावशी' म्हणत प्रश्न विचारत होती. वयाच्या रकान्याशी आल्यावर उत्तर आलं, "बावीस असंल." मुलगी स्वतः एकवीसची. पुढचे प्रश्न तिने 'ताई' म्हणून विचारले.

रेशनचं विचारलं तर म्हणाली, "कार्ड हाय की, पर धान्य गावाकडंच सुटतंय. हितं इकतचं खातोय." अख्खं कुटुंब इथे, म्हणजे चार माणसांचं माणशी 5 किलो, हंगामभर दर महिन्याला बुडत होतं. आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायचीच होती. एका मुलाने तिच्या आधार क्रमांकावरून 'मेरा राशन' अ‍ॅप उघडलं. त्या महिन्याचं धान्य उचललेलंच नव्हतं. कार्ड गावचं असलं तरी राज्यात कुठल्याही रेशन दुकानातून ते घेता येतं; यालाच पोर्टेबिलिटी म्हणतात.

तिला घेऊन आम्ही गावातल्या रेशन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "तुमचं नाव माझ्या यादीत नाही." पोरांनी पोर्टेबिलिटीचं सांगितलं. तो मलाच म्हणाला, "सर, शिबिर झालं की तुम्ही जाल." मी गप्प राहिलो, बोलायचं काम पोरंच चांगलं करत होती. शेवटी त्याने मशीन पुढे सरकवलं. तिचा अंगठा उमटेना. कोयत्याच्या मुठीने रेषा पार झिजलेल्या. दुसरा अंगठा, मग बोटं. अनामिकेवर मशीनने पावती दिली. वीस किलो, फुकट. 2023 पासून ते फुकटच आहे, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"बाकीच्यांना सांगू नका, माल पुरायचा नाही," दुकानदार म्हणाला. त्याचं अगदीच चूक नव्हतं. त्याला माल येतो गावच्या कार्डांच्या हिशेबाने, आणि टोळी वाढते ती फक्त हंगामात. पण संध्याकाळपर्यंत साऱ्या कोप्यांत बातमी पोचली होती. जादा कोट्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेकडे अर्ज करायचं ठरलं, आणि तो कोणी लिहायचा यावरून रात्री दोन गटांत जोरदार भांडण लागलं.