भरतीची वही आणि अर्धं वर्तुळ

सोमवार, रात्र

सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी' ही कादंबरी आज दुसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्या खेपेला कोडं सोडवायची घाई होती. हा माणूस कोण, हे घर कुठलं, त्याला आठवड्यातून दोनदा भेटणारा तो 'दुसरा' खरं बोलतोय का, एवढ्यासाठीच पानं उलटत गेले होते. या वेळी उत्तर ठाऊक होतं, म्हणून सावकाश वाचली. आणि खरं पुस्तक आत्ता कुठे हाती लागलं असं वाटतंय.

गुपित न फोडता सांगायचं तर गोष्ट अशी आहे: एक माणूस एका घरात राहतो आणि त्या घराला शेवट नाही. दालनामागून दालनं, भिंतीलगत संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र शिरलेला, वरच्या मजल्यावर ढग. भरती आली की पाणी जिने चढून वर येतं. या माणसाकडे वह्या आहेत आणि तो सगळं टिपून ठेवतो. कुठल्या दालनात कुठला पुतळा, पुढची भरती कधी, पाणी कुठवर चढेल. जग सुरू झाल्यापासून पंधरा माणसं नक्की होती अशी त्याची गणती आहे, आणि त्यांतली तेरा मेलेली. त्या तेरा जणांच्या अस्थींची तो निगा राखतो, त्यांना कमळं नेऊन देतो, त्यांच्याशी बोलतो. अख्खी कादंबरी म्हणजे त्याची रोजनिशी.

तो सालाला आकडा देत नाही. 'अल्बट्रॉस नैऋत्येच्या दालनांत आला ते वर्ष' असं लिहितो. त्या पक्ष्याचा प्रसंग मी आज दोनदा वाचला. अल्बट्रॉसची जोडी घरटं बांधायला लागते आणि हा आपल्याजवळचं वाळवलेलं समुद्रशेवाळ त्यांना देऊन टाकतो. ते शेवाळ म्हणजे त्याचं सरपण. दिवस थंडीचे. पण जगात एक नवा अल्बट्रॉस येणार असेल तर आपण थोडे दिवस कुडकुडलो तर काय बिघडलं, असा त्याचा हिशोब. हिशोबच म्हणायला हवं, कारण तो भरात येऊन देत नाही. आपलं किती दिवसांचं जळण जाणार हे त्याला पक्कं माहीत असतं. या जागी माझे डोळे भरून आले. एवढ्या साध्या वाक्यांत एवढा भला माणूस उभा करणं किती अवघड असेल!

सुझॅना क्लार्कची आधीची 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' २००४ ची, ही २०२०ची. मधल्या काळात ती दीर्घ आजाराने घरातच अडकून पडली होती. हे कळल्यावर ते घर मला वेगळं दिसायला लागलं. चार भिंतींत राहावं लागलेल्या लेखिकेने घराला तुरुंग म्हणून लिहिलं असतं तर ते समजण्यासारखं होतं. कादंबरीचं नाव ज्याच्यावरून आलंय तो अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार पिरानेसी तर काल्पनिक तुरुंगांच्या चित्रमालिकेसाठीच प्रसिद्ध आहे. तिने मात्र त्या दालनांत राहणाऱ्या माणसाला कृतज्ञ केलं. शेवटाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. वाचलेल्या कुणाशी तरी त्यावर मनसोक्त बोलायचंय.

इंग्रजी वाचत असले तरी 'हॉल' या शब्दाजागी मनात पहिल्या पानापासून 'दालन' येत होतं. दालन म्हटलं की उंच छत आणि पावलांचा घुमणारा आवाज आपोआप आला. काही शब्द अशी आयती मदत करतात.

मंगळवार

एक जाडजूड कादंबरी तीनशे पानांवर सोडून दिली. नाव लिहीत नाही, लेखकाने मेहनत घेतलेली दिसते. नकाशा आहे, वंशावळ आहे, भविष्यवाणी आहे. पण नायक दहा दिवस घोड्यावर असतो आणि घोडा एकदाही पाणी पीत नाही. कुणाचे बूट फाटत नाहीत, कुणाला झोप अनावर होत नाही, किल्ल्यात शेकडो माणसं राहतात आणि तिथला केर कोण काढतं ते कळत नाही. कालच्या त्या शेवाळाच्या ढिगानंतर हे वाचवेना. जादू कितीही मोठी असू दे, त्या जगात कुणी तरी रोजची कामं करताना दिसलं तरच माझा पाय तिथे टेकतो. हल्ली जे जे आवडलं त्यात हेच सापडतंय, म्हणून या आठवड्यात त्यावरच लिहीत राहावं म्हणते.

बुधवार

अर्थसी पुन्हा काढलं. उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ चं. बेटांचं जग, खऱ्या नावांत वसलेली जादू, आणि आपणच मोकळ्या सोडलेल्या सावलीचा पाठलाग करणारा गेड. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. माझा जीव मात्र दुसऱ्या भागावर आहे, 'द टूम्ब्स ऑफ अतुआन'वर.

तेनार नावाच्या लहान मुलीला घरातून उचलून थडग्यांची पुजारीण करतात. तिचं नाव काढून घेतात. थडग्यांखाली एक पोकळी आहे आणि तिच्यापलीकडे भूलभुलैया. त्या पोकळीत उजेड न्यायला सक्त मनाई. म्हणून ती सगळं हातांनी शिकते. भिंतीला बोटं लावून चालायचं, वाटांची तोंडं मोजायची, पढवलेलं मनात घोकायचं, चुकलं की परत फिरायचं. अंधाराचं इतकं बारीक वर्णन मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. आपण तिच्याबरोबर मोजायला लागतो. आणि एके दिवशी त्या अंधारात एक चोर शिरतो, त्याच्या काठीच्या टोकाला उजेड असतो, आणि ज्या जागेला ती आयुष्यभर काळोख समजत आली तिथल्या भिंती स्फटिकांनी लखलखताना तिला दिसतात. कुणी मुद्दाम लपवलेलं नव्हतं, तिथे फक्त दिवा आणायची बंदी होती. कितव्यांदा वाचलं कोण जाणे, आजही अंगावर काटा आला.

त्यानंतर लगेच 'तेहानू'ही वाचायला घेतली. पहिले तीन भाग १९७२पर्यंत संपले आणि ही आली १९९०मध्ये. गेडची सगळी शक्ती गेलेली आहे आणि तो शेळ्या राखतो. तेनार मध्यमवयीन विधवा आहे, भाजलेल्या एका मुलीला सांभाळते. आपल्याच जगात परत येऊन 'इथल्या बायका या सगळ्या काळात काय करत होत्या?' असं विचारायचं धैर्य ले ग्विनने दाखवलं. विशीत वाचली तेव्हा मी खट्टू झाले होते, मला गेडचा पराक्रम हवा होता. आता मला ही सगळ्यांत वरची वाटते. काही पुस्तकांना आपलं वय व्हावं लागतं.

गुरुवार

आज वेळ थोडा, दोनच कॉमिक्सबद्दल.

जेफ स्मिथचं 'बोन', १९९१ ते २००४, ५५ अंक. मी काळं-पांढरंच वाचलं. नंतर रंगीत आवृत्ती आली तीही छान आहे, पण स्मिथच्या ब्रशचा काळा रंगच इतका बोलका आहे की मला दुसरं काही नको वाटतं. त्यात हिवाळा येतो तो एका चौकटीत. मोसमाचा सगळा बर्फ एकदम धपकन खाली. चित्रकथेतच हे जमतं. गद्यात लिहिलं तर त्यातली धप्प निघून जाते.

जपानी सिनेदिग्दर्शक हायाओ मियाझाकींची 'नॉसिका' सिनेमामुळे सगळ्यांना माहीत असते. सिनेमा १९८४ चा आणि चित्रकथा १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं चालली. सात खंड. सिनेमात आलाय तो जेमतेम सुरुवातीचा भाग. पुढे युद्ध पसरत जातं, बाजू बदलतात, आणि जे उत्तर आपण हातात धरून बसलेलो असतो तेही मोडतं. सगळ्यात मला आठवत राहते ती नॉसिकाची तळघरातली बाग. बाहेर विषारी जंगल पसरतंय, सगळे ते जाळायच्या मागे लागलेत, आणि ही पोरगी त्याच जंगलातली झाडं खोल विहिरीच्या स्वच्छ पाण्यावर वाढवून बघते. तिथे ती झाडं विष सोडत नाहीत. दोष झाडांचा नाही, मातीचा आहे, हे तिला तलवारीने कळत नाही, कुंडीत रोप लावून कळतं.

शनिवार

ऐकण्याचा दिवस. सकाळपासून कपाटं आवरत होते, कानात 'द मॅग्नस आर्काइव्हज' हा पॉडकास्ट. २०१६ ते २०२१ अशी पाच पर्वं, दोनशे भाग. तशी ही भयकथा, पण अद्भुताचा पाया असल्याशिवाय ती उभी राहिली नसती, म्हणून इथे.

एका संस्थेचा दप्तरदार लोकांनी दिलेल्या जुन्या जबान्या मोठ्याने वाचतो, एवढीच मांडणी. टेपरेकॉर्डरचा खटका, त्याचा जरा तुसडा आवाज, आणि मग कुणाच्या तरी आयुष्यातली एक रात्र. काही जबान्या संगणकावर ध्वनिमुद्रित करायला गेलं की बिघडतात, त्यांच्यासाठी जुना टेपरेकॉर्डरच काढावा लागतो. हे पहिल्या भागात सहज सांगून टाकलंय, आणि आपणही सहज सोडून देतो. त्याचा अर्थ उमगला तेव्हा मी हातातली घडी तशीच धरून उभी होते.

सुरुवातीचे भाग सुटे वाटतात. मग एखादं आडनाव परत ऐकू येतं. कुठल्याशा जुन्या पुस्तकाचा उल्लेख परत येतो. मी वहीच्या मागच्या पानावर नावं लिहायला लागले, बाण काढायला लागले. दप्तरातला माणूस जे काम करतोय तेच श्रोत्यालाही करायला लावलंय, आणि त्या कामाची किंमत काय हेही हळूहळू कळतं. दुसरं-तिसरं पर्व मला सर्वांत भरीव वाटलं. पाचव्यात जगाची घडीच मोडते आणि भयाची वर्णनं लांबत जातात, तिथे मी मध्ये मध्ये दमले. पण सोडून देऊ नये. शेवटचे काही भाग ऐकताना हातातलं काम बाजूला ठेवावं लागलं.

भीतीनंतर उतारा म्हणून 'वेलकम टू नाइट व्हेल'चे जुने भाग लावले. २०१२पासून चालू आहे. वाळवंटातल्या एका गावाचा रेडिओ, आणि निवेदक गावच्या बातम्या देतो. कुत्र्यांसाठी नवीन बाग झाली आहे, तिथे कुत्र्यांना आणि माणसांना प्रवेश नाही. आता ऐकू या हवामान, म्हणतो आणि एक अख्खं गाणं लागतं. निवेदकाच्या आवाजात गावाबद्दल जी माया आहे ती खरी आहे. आकाशातून काहीही पडू दे, तो ते शेजारधर्माने सांगतो. रात्री झोपण्याआधी असा आवाज कानात असावा.

पॉडकास्टचं मला सगळ्यात काय आवडतं? चेहरे आपले आपण करायचे असतात. माझा दप्तरदार कसा दिसतो ते मला पक्कं माहीत आहे. दुसऱ्या कुणी काढलेलं त्याचं चित्र दिसलं की मी पटकन नजर वळवते, मनातला पुसला जाईल म्हणून.

रविवार

भाची दिवसभर इथे होती. दहा वर्षांची. तिला 'विच हॅट अटेलिए' या जपानी चित्रकथेचा पहिला खंड दिला आणि पुढचे तीन तास घरात आवाज नव्हता.

कमोमे शिराहामाची ही माला २०१६ मध्ये सुरू झाली. चित्रं अशी की एका पानावर पाच-पाच मिनिटं जावीत. वस्त्रांच्या चुण्या, चौकटींच्या वेलबुट्टी, टोप्यांची टोकं. कोको ही शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी. जादूगार जन्मावेच लागतात, आपल्याला ते शक्य नाही, असं तिला सांगितलेलं असतं. आणि ते खोटं असतं. जादू शाईने काढतात. मधे चिन्ह, भोवती खुणा, आणि सगळ्यांना वेढणारं वर्तुळ. वर्तुळ जुळलं की मंत्र जागा होतो. म्हणजे शाई आणि ज्ञान मिळालं तर कुणालाही जमेल, आणि तेच जगापासून लपवून ठेवलंय. उडायच्या बुटांची युक्ती मला फार आवडते. अर्धं वर्तुळ एका बुटाच्या तळाला, अर्धं दुसऱ्याच्या, पाय जुळवले की हवेत. आणि नियम असा की माणसाच्या शरीरावर जादू करायची नाही, जखम बरी करायला सुद्धा नाही. या एका नियमाभोवती पुढे किती अवघड प्रश्न उभे राहतात! नियम का झाला तेही पटतं, आणि त्यापायी ज्यांना त्रास सोसावा लागतो त्यांचाही राग खरा वाटतो. लेखिका कुणाची बाजू पटकन घेत नाही.

दुपारी पाहिलं तर भाची टेबलाशी बसून काढत होती. पेला पालथा ठेवून त्याच्या कडेने पेन फिरवलेलं. मधे तिने स्वतः ठरवलेलं चिन्ह, पानासारखं काहीतरी, भोवती सात छोटे बाण, सगळे बाहेरच्या दिशेने. जीभ दातांत धरून एकेक बाण गिरवत होती. आणि वर्तुळ उजव्या अंगाला, खाली, थोडंसं उघडं ठेवलेलं.

"हे राहिलंय का गं?" मी विचारलं.

"राहिलं नाही, ठेवलंय. मला काय व्हायला हवंय ते अजून ठरलेलं नाही ना."

मग बराच वेळ आम्ही दोघी काय काय होऊ शकेल यावर बोलत बसलो. खोलीत वारा यावा हे तिला लगेच बाद वाटलं, खिडकी उघडली की येतोच. सगळ्यांना ऐकू यावं असं काहीतरी हवं, म्हणाली, पण ते काय ते तिला विचार करून सांगायचंय. पुढच्या रविवारी.

संध्याकाळी निघताना दारातून परत आली. "मावशी, टेबलावरच्या कागदाला हात लावू नकोस हं. चुकून जुळेल."

कागद तिथेच आहे. फट नखाच्या टोकाएवढी आहे, मी वाकून पाहिली. शेजारी पेन ठेवलेलं होतं, ते तेवढं टोपण लावून लांब ठेवलं.