उभी पट्टी येईना

उद्‌घाटनाच्या दिवशी फक्त निमंत्रित पाहुणे ट्राममध्ये बसले होते. खरी गर्दी दुसऱ्या दिवशी आली. सकाळी आठच्या सुमाराला नियंत्रण कक्षातून फोन आला, "मधल्या चौकात दोन गाड्या उभ्या आहेत, तिसरी येतेय. सिग्नलच मिळत नाही म्हणतात. तुम्ही खालीच आहात ना?"

मी खालीच होतो. नव्या मार्गावर सिग्नल यंत्रणा सुरू करून देणाऱ्यांपैकी मी एक. सुरुवातीचे काही दिवस नारिंगी जाकीट घालून रस्त्यावर उभं राहायचं, हे ठरलेलंच असतं.

विस्तार तसा छोटा, पण सगळा भर रस्त्यातला. रेल्वेसारखं इथे मागची गाडी सिग्नलने लांब अडवून धरत नाहीत. ड्रायव्हर नजरेच्या अंदाजाने चालवतो आणि पुढच्या ट्रामच्या मागे येऊन थांबतो. चौकात मात्र ट्रामला स्वतंत्र सिग्नल असतो: पांढरी आडवी पट्टी म्हणजे थांबा, उभी म्हणजे निघा. ही उभी पट्टी मागावी लागते. रुळांमध्ये तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. त्यावरून गाडी गेली की तिच्या पोटातलं यंत्र मागणी नोंदवतं आणि चौकातला कंट्रोलर, म्हणजे सिग्नल चालवणारं यंत्र, बाकीची वाहतूक आवरती घेऊन तिला वाट करून देतो.

त्या चौकाची अडचण अशी की, वेटोळं आणि चौक यांच्या मधोमध थांबा होता. जागाच तेवढी होती. म्हणून मागणी आल्यावर थांब्यासाठी पंचवीस सेकंद धरायचे आणि मग उभी पट्टी द्यायची, असा हिशेब बसवलेला. रिकाम्या गाड्यांच्या चाचण्यांत तो सेकंदासेकंदाला जुळला. जुळणारच, रिकाम्या गाडीत कोणी बाबागाडी चढवत नाही, दारात उभं राहून फोटो काढत नाही आणि 'ही स्टेशनला जाते का?' असं तिघांना विचारत नाही. त्या सकाळी दार मिटायला यायचं, कोणाचा तरी हात आड यायचा, दार पुन्हा उघडायचं. एकेक गाडी मिनिटाहून जास्त थांबत होती. तिच्या नावाची उभी पट्टी रिकाम्या रुळांसाठी लागून विझून जात होती.

याचाही विचार केलेला होता. चौकाच्या तोंडाशी, थांबण्याच्या रेषेलगत दुसरं वेटोळं होतं. मागणी हुकली तर तिथे पुन्हा नोंदायची. पण समोरून माणसांची रांग तुटत नव्हती. ट्रामसमोरून रस्ता ओलांडायची सवय अजून कोणालाच नव्हती. भरल्या गाडीचं वजन पन्नास टनांच्या घरात जातं, आणि वळून कोणाला चुकवायची सोय नाही. शहाणा ड्रायव्हर रेषेच्या दोन मीटर अलीकडेच थांबणार, आणि तसा तो थांबला होता. गाडीखालचा अँटेना वेटोळ्यावर पोहोचतच नव्हता. ड्रायव्हरच्या लेखी मागणी केव्हाच गेलेली, कंट्रोलरच्या लेखी तिथे कोणी नाहीच.

मी खिडकीवर टकटक केली. "साहेब, दोन मीटर पुढे घेता का?"

"समोर माणसं आहेत, दिसत नाहीत का?"

दिसत होती. तिसरी ट्राम एव्हाना मागच्या चौकात आडवी अडकली होती, तिच्यामुळे बस अडल्या होत्या आणि अडलेल्या वाहनांमधून वाट काढत लोक नेमके आमच्याच गाडीसमोरून जात होते. शेवटी मी आणि माझा सहकारी हात पसरून रुळांवर उभे राहिलो. गाडी सरकली, मागणी नोंदली गेली आणि सिग्नलच्या पुढच्याच फेऱ्यात उभी पट्टी आली. आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरी गाडी, मग तिसरी. दुपारपर्यंत आम्ही हेच केलं. मध्येच शेवटच्या थांब्याजवळचा, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा नीट बसेना; खाचेत समारंभाचे रंगीत कागद अडकले होते. ते काढायला दोन मिनिटं लागली, पण दुसऱ्या दिवशी बातमीत फोटो त्याचाच आला.

संध्याकाळची बैठक मात्र तापली. वाहतूक विभागाला भीती की ट्रामची मागणी जास्त वेळ धरून ठेवली तर बाकीचे रस्ते तुंबतील. हिशेब साधा होता: प्रत्येक दिशेला दर सहा मिनिटांनी एक, म्हणजे दोन्ही दिशा धरून तासाला वीस ट्राम. सिग्नलचा फेरा नव्वद सेकंदांचा, म्हणजे तासाला चाळीस फेरे. फार तर प्रत्येक दुसऱ्या फेऱ्यात एक ट्राम, आणि तिला लागणार थोडे सेकंद. उलट फुकट लागलेली उभी पट्टी सगळ्यांचाच वेळ खात होती.

ड्रायव्हरांना शिकवणारे गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दारं लावल्यावर दाबायचं बटण आम्ही प्रशिक्षणातच मागितलं होतं." 'निघायला तयार' असा संदेश देणारं हे बटण अनेक शहरांत आहे. इथे ते 'ड्रायव्हर विसरतील' म्हणून वगळलं होतं. दिवसभर ज्यांच्या हातात माणसांनी भरलेली गाडी द्यायची, ते एक बटण विसरतील हे भय मला कधीच पटलेलं नाही.

बटण आलं. तोवर रस्त्यावर ठसठशीत खूण रंगवून आणि चौकात माणसं उभी करून भागवलं. थांब्यावर गाडी कितीही रेंगाळली तरी आता मागणी दारं मिटल्यावरच जाते.

त्याच आठवड्यात वळणावरच्या रहिवाशांची तक्रार आली, की रूळ किंचाळतात. तीही खरी आहे. पंचवीस मीटर त्रिज्येच्या वळणात चाकं रुळाच्या माथ्यावर आडवी घसरतात, आणि कोरड्या हवेत आवाज जास्त होतो. वंगण कमी पडलं तर शेजाऱ्यांची झोप जाते, जास्त झालं तर ब्रेकची पकड. त्याचं प्रमाण ठरवायचं काम अजून चालू आहे.