त्या वर्षीची दोन बोर्डं

शनिवार, तान्हा पोळा

मारबतीच्या मिरवणुकीमुळे महाल-इतवारीकडे जायची सोय नव्हती, म्हणून सगळी मंडळी संध्याकाळीच आमच्याकडे जमली. गल्लीतली पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरत होती. बोजारा वाटायला हे स्वतः दारात उभे. सुट्ट्या नोटा टेबलावर ओळीनं मांडलेल्या, पोरांना रांगेत उभं केलेलं, एकेकाला नाव विचारून पैसे. फौजेत पगार वाटताना असते तशी पे परेडच म्हणा ना. रिटायर होऊन थोडेच दिवस झालेत, सवय इतक्यात कशी जाणार?

काकाजी कढी-वडे खाताखाता म्हणाले, "कर्नलसाहेब, जनरल होऊनच रिटायर व्हाचं होतं न बाप्पा! चोपन्न म्हणजे काही वय झालं का?"

हे हसले. "काकाजी, जागा भरल्या होत्या."

उत्तर खरंच आहे, पण अर्धं. गेली कितीतरी वर्षं नागपूरच्या नातेवाइकांना हे अर्धंच उत्तर मिळत आलंय, आणि त्यांचाही दोष नाही. सिव्हिलमधल्या माणसाला वाटतं, फौजेत वर्षं भरली की खांद्यावरचे स्टार आपोआप वाढतात. एका टप्प्यापर्यंत वाढतातही. दोन वर्षांत कॅप्टन, सहात मेजर, तेरात लेफ्टनंट कर्नल. २००४ च्या अखेरीस नियम बदलले तेव्हापासूनचा हा हिशोब, त्याआधी यापेक्षा जास्त वाट पाहावी लागायची. मात्र तिथून पुढे कर्नल व्हायचं तर सिलेक्शन बोर्ड. बॅच एकत्र घेतात, आजवरचे एसीआर, म्हणजे वरिष्ठांनी लिहिलेले गोपनीय अहवाल, मांडतात, आणि बोर्डावर बसलेल्यांसमोर अधिकाऱ्याचं नावही नसतं. संधी तीन. पहिल्यांदा नाही निघाला तर रिव्ह्यू, मग शेवटचा रिव्ह्यू. आणि पायदळात पलटणीला सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, एकच असतो, तो कर्नल. लेफ्टनंट कर्नल ढीगभर, पलटणी मोजक्या. गाळणी बारीक आहे, ती असणारच. माझी तक्रार नाही. निदान आता नाही.

आमचा शेवटचा रिव्ह्यू आला तेव्हा हे काश्मीरात राष्ट्रीय रायफल्समध्ये टूआयसी, म्हणजे सीओच्या खालोखाल. फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही. मी आणि लेक कामठीला, सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये. कामठीच का, तर ह्यांची रेजिमेंट गार्ड्स, सेंटर तिथलंच, आणि माहेर-सासर दोन्ही नागपूरला. लेक नागपूर बोर्डाच्या दहावीला. घरात एकाच वर्षी दोन बोर्डं. एकीचं टाइमटेबल फ्रिजवर चिकटवलेलं, दुसऱ्याची तारीख कुणालाच माहीत नाही. रिझल्ट "डीक्लास", म्हणजे जाहीर, होईपर्यंत नुसत्या अफवा. कोर्समेटचा फोन आला की मी आधी त्याच्या आवाजाचा अंदाज घ्यायचे.

ह्यांचा फोन आला तो रात्री. लाइन खरखरत होती. "नाही झालं," म्हणाले, आणि लगेच, "तिची भूमिती कशी चालली आहे?" मी भूमितीबद्दल सांगत बसले. दुसरं काय बोलणार होते? शेजारच्या खोलीत लेक वाचत होती, आणि त्यांच्याही आजूबाजूला माणसं असणार. तिला मी परीक्षा संपेपर्यंत कळू दिलं नाही. तिला कळलं होतं हे पुढे कॉलेजात असताना तिनं सांगितलं. फौजेतली पोरं भिंतीतून ऐकतात.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं कुणी विचारत नाही. सिनेमात शहीद असतो किंवा जनरल असतो. सुपरसीड झालेला, म्हणजे बढतीत मागे राहिलेला, अधिकारी सकाळी उठून दाढी करतो, बूट चमकवतो, वेळेच्या पाच मिनिटं आधी ऑफिसात पोचतो, हे दाखवायला कोण जाणार? ज्युनिअर सीओ झाले. ते भेटले की अजूनही "सर" म्हणतात, आणि त्यातल्या एकदोघांचं "सर" थोडं जास्तच मऊ असतं, ते मला टोचायचं. ह्यांना टोचायचं की नाही, माहीत नाही. विचारलं नाही.

बायकांच्या बाजूनं तर अजूनच मजा. सीओची बायको म्हणजे अख्ख्या पलटणीच्या कुटुंबांची मोठी वहिनी: कुणाचं बाळंतपण, कुणाच्या पोराची ॲडमिशन, कुणाचा नवरा फील्डवरून फोन करत नाही. मी मनातल्या मनात त्याची तयारी केली होती. ते राहून गेलं त्याचं मला ह्यांच्या बढतीपेक्षा जास्त वाईट वाटलं, हे आज इथं लिहून टाकते. जेवणावळीत कोण कुणाशेजारी बसणार, हे बदललं त्याचं मात्र काहीच वाटलं नाही. तिथल्या गप्पा तशाही कंटाळवाण्या असायच्या.

वीस वर्षांवर पेन्शन पक्की असते. कागद टाकून बाहेर पडणारे आमच्या बॅचमध्ये पुष्कळ निघाले, कुणी कॉर्पोरेटमध्ये, कुणी सिक्युरिटीत. ह्यांनीही एकदा फॉर्म आणून ठेवला होता. तो ड्रॉवरमध्येच राहिला, कारण मग एनसीसीचं पोस्टिंग आलं आणि खेड्यातली पोरं-पोरी पहिल्यांदा रायफल हातात धरताना बघून ह्यांचा चेहरा उजळला. सव्वीस वर्षं भरल्यावर टाइम स्केलनं, म्हणजे बोर्डातून नाही तर नोकरीच्या वर्षांवर, कर्नल झाले. खांद्यावर अशोकस्तंभाखाली दुसरा स्टार लागला. काकाजींना त्यातला फरक कळत नाही, आणि कळायची गरजही नाही.

आजचा खरा प्रश्न वेगळाच होता. दिराचा मुलगा पुढच्या महिन्यात एनडीएची परीक्षा देतोय. हे त्याला एसएसबीचं, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या निवड-मुलाखतीचं, समजावत होते: ग्रुप टास्कमध्ये आवाज चढवू नकोस, खोटं बोलू नकोस, दुसऱ्या दिवशी पकडला जातोस. मी म्हटलं, त्याला बोर्डाचंही सांगा. हे म्हणाले, "आधी पास तर होऊ दे. सतरा वर्षांच्या पोराला चाळिशीतल्या गोष्टी कशाला?"

मी जाऊबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे एवढं सगळं करून चाळिशीत पुन्हा बोर्डाची परीक्षा? आणि तिचा अभ्यासही करता येत नाही?"

"नाही येत," म्हटलं. "अभ्यास म्हणजे आधीची सगळी वर्षं."

त्या तशाच बाहेर गेल्या आणि सगळ्यांसमोर पोराला विचारलं, "इंजिनिअरिंगचंही बघून ठेवशील न रे?" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस.

हे अजून घुश्शातच आहेत. पोट्टा मात्र उद्या सकाळी पुन्हा येतोय, म्हणे काकांबरोबर अंबाझरीला पळायला. साडेपाचला. मलाच उठून चहा करावा लागणार.